नागपूर–मुंबई विमान रद्द झालं आणि टोरांटोचं हुकलं. पुढच्या खेपेला काय करू?

सोनेगावकर
३ मार्च, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरात आमच्यावर जे बेतलं ते सविस्तर लिहून राहिलो, कारण येत्या जूनमध्ये पुन्हा जायचं आहे आणि तीच चूक पुन्हा करायची नाही.

लेक टोरांटोला असते. तिचं पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी तारीख दिली होती २१ डिसेंबर. मी ६७ वर्षांचा, सौ. ६२. आम्ही १५ तारखेला निघणार होतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर आखातात जाणारं विमान, तिथे पाच तास थांबून पुढे टोरांटो. हे तिकीट जावयाने तिकडून काढलं. नागपूर–मुंबईचं मी इथून वेगळं काढलं, संध्याकाळी सव्वासहाचं. मुंबईला आठच्या आत पोचलो की पुढच्या विमानाला सहा तास हातात. मला ते पुष्कळ वाटले.

साडेचारला विमानतळावर पोचून सामान दिलं. पावणेसहाला फलकावर उशीर दिसला. आठ वाजताचं झालं, मग साडेनऊचं, आणि सव्वानऊला थेट रद्द. कारण विचारलं तर 'ऑपरेशनल' एवढा एकच शब्द.

सौ.च्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता. मोठ्या बॅगेत लाडू फुटतील म्हणून तिने तो हातात घेतला होता, झाकण उघडू नये म्हणून भोवती जुन्या लुगड्याची पट्टी बांधून. पावणेसहा ते सव्वानऊ, तिने तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. प्रत्येक घोषणेला माझ्याकडे पाहायची.

सामान परत हातात यायला अकरा वाजले. समृद्धीने गाडी काढली असती तरी आठ तास, म्हणजे तो विषयच संपला. दुसऱ्या दिवशी जावयाने फोन केला तेव्हा कळलं की परतीचं तिकीटही गेलं, कारण पहिल्या टप्प्याला आम्ही हजर नव्हतो. इकडच्या कंपनीने नागपूर–मुंबईचे पैसे परत केले आणि हात वर केले. तिकडची म्हणाली, तुम्ही आलाच नाहीत, आमचा काय दोष? नवी तिकिटं दोघांची मिळून पावणेतीन लाखांना पडली, तीही १९ तारखेची आणि आखातात एकोणीस तासांचा थांबा असलेली.

नातू आम्ही त्या थांब्यावर असतानाच झाला. जावयाने व्हिडिओ कॉल लावला. वाय-फाय सारखं तुटत होतं. सौ.ने त्याचा चेहरा अर्धाच पाहिला आणि चित्र गोठलं. तो अर्धा चेहरा ती अजून सांगते.

पैशाचं दुःख आहेच, पण लेकीच्या त्या रात्री आई तिथे नव्हती हे जास्त लागलं. तर मला सांगा, आपण नागपूरकरांनी तिकीट कसं काढावं? विमान रद्द झालंच तर पहिल्या तासात काय करावं? आणि लांबचा थांबा म्हाताऱ्या माणसांनी कसा काढावा?


धरमपेठेतला_तिकिटवाला
३ मार्च, रात्री १०.४०

काका, वाचून वाईट वाटलं. मी गेली बावीस वर्षं हेच काम करतो, आणि आपल्याकडच्या लोकांचा परदेश प्रवास बहुतेक वेळा जिथे मोडतो ती जागा तुम्ही बरोबर सांगितली आहे. टोरांटो मोडत नाही, लंडन मोडत नाही. मोडतो तो सोनेगाव ते सहार, म्हणजे नागपूर विमानतळ ते मुंबई विमानतळ, हा दीड तासाचा तुकडा.

दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. पहिल्या कंपनीला तुमचं पुढे विमान आहे हे माहीतही नसतं. नागपूर ते टोरांटो सगळं एका पीएनआरवर असतं तर पहिलं विमान रद्द झाल्यावर तुम्हाला पुढच्या उपलब्ध विमानाने टोरांटोला पोचवणं ही तिकीट देणाऱ्यांची जबाबदारी झाली असती. परतीचा टप्पाही शाबूत राहिला असता. सामानालाही नागपूरलाच शेवटच्या मुक्कामाची चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी डोळ्यांनी वाचून घ्या, त्यावर कोणत्या विमानतळाची तीन अक्षरं आहेत ते बघा.

आता झालेल्याबद्दल. तुमची एक गोष्ट अजून हातात आहे. डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणे विमान रद्द होणार हे किमान २४ तास आधी कळवलं नसेल तर तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान, आणि वर भरपाई द्यावी लागते. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० आणि दोन तासांच्या वर १०,००० अशी मर्यादा आहे. हवामान, संप, हवाई हद्द बंद, सुरक्षेचं कारण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींना भरपाई नाही. तुम्हाला 'ऑपरेशनल' म्हणाले ना? मग लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, तिथेही नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. टोरांटोच्या तिकिटाचे पैसे यातून निघणार नाहीत हे आधीच सांगतो, खोटी आशा लावत नाही.

याच नियमात आणखी एक कलम आहे, ज्यात खूप लोक फसतात. प्रवाशाने स्वतःचा संपर्क नीट दिला नसेल तर भरपाई बुडते. तिकीट माझ्यासारख्याने काढलं तरी मोबाइल नंबर तुमचाच टाकायला सांगा. जावयाचा कॅनडातला नंबर टाकला तर निरोप त्याला तिकडे रात्री झोपेत जातो.

आणि सगळ्यात मोठं: पहिला टप्पा हुकणार असं दिसताच, पुढचं विमान सुटायच्या आधी, पुढच्या कंपनीला फोन करून 'आम्ही पोचू शकत नाही, तारीख बदला' सांगायचं. तिकिटाच्या प्रकाराप्रमाणे दंड लागतो, पण 'नो-शो'चा, म्हणजे 'प्रवासी आलेच नाहीत'चा, शिक्का लागत नाही आणि परतीचं तिकीट वाचायची शक्यता राहते. विमान सुटल्यावर केलेल्या फोनला फारसा अर्थ उरत नाही. तुमच्या हातात रात्री सव्वानऊपासून मध्यरात्रीपर्यंतचा वेळ होता. तेव्हा कुणीतरी हे सांगायला हवं होतं.


सोनेगावकर
३ मार्च, रात्री ११.०५

हे कुणीच सांगितलं नाही हो. आम्ही सामानाच्या पट्ट्याजवळ उभे होतो. तक्रार उद्याच टाकतो. पण एकाच तिकिटावर नागपूरपासून घेतलं तर माणशी सोळा-अठरा हजार जास्त दिसून राहिले. म्हणूनच वेगळं काढलं होतं.


अजनीवाला
४ मार्च, सकाळी ७.२०

राजेहो, सोळा हजार वाचवायचे असतील तर वाचवा, पण मग मुंबईला आदल्या दिवशी पोचा. मी रेल्वेत ३४ वर्षं काढली, म्हणून माझा कल रेल्वेकडे आहे हे मान्य. पण विचार करा. दुरांतो रात्री नागपूर सोडते, सकाळी सीएसएमटीला. विदर्भ एक्सप्रेस कल्याण, ठाणे, दादर थांबत जाते. गाडी तीन तास लेट झाली तरी मध्यरात्रीच्या विमानाला अख्खा दिवस राहतो. सहार-अंधेरीकडे एखादी खोली दिवसभरासाठी घ्या, आंघोळ करा, पाय लांब करा.

आता सोयही चांगली झाली. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे. सीएसएमटीवरून थेट टी-२ ला, म्हणजे विमानतळाच्या टर्मिनल २ ला, जाता येतं. टी-१ आणि टी-२ दोन्हीकडे याच मेट्रोची स्टेशनं आहेत, मधे फक्त सहार रोड. ज्यांचं देशातलं विमान टी-१ ला उतरतं त्यांना टॅक्सीची घासाघीस नको. मात्र रात्री मेट्रो बंद असते, आणि दोघांच्या चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच करा, उगाच जीव काढू नका.

एक कळकळीची विनंती. विमान रद्द झालं म्हणून रात्री समृद्धीवर गाडी घालू नका. ७०१ किलोमीटर सरळ रस्ता. आधीच दिवसभराचा ताण, मनात घाई, डोळ्यांवर झोप. माझ्या साल्याचा मुलगा असाच निघाला होता. वाचला, पण गाडीची अवस्था पाहवत नव्हती. विमान दुसरं मिळतं.


धरमपेठेतला_तिकिटवाला
४ मार्च, सकाळी ९.५५

अजनीवाले काका बरोबर. मी गिऱ्हाइकाला दोनच पर्याय देतो: एक तर एका तिकिटावर जा, नाहीतर मुंबई-दिल्लीत एक रात्र काढा. दिल्लीमार्गे असेल तर डिसेंबर-जानेवारीत धुक्याचा विचार करा, सकाळची विमानं तिथे तासन् तास लांबतात. मुंबईला जुलै-ऑगस्टमधला पाऊस. तुमचा जून म्हणजे मुंबईत पावसाची सुरुवात.

नागपूरहून थेट आखातात जायची सोय आहे हेही विसरू नका. दोहा आणि शारजाची विमानं इथून सुटत आली आहेत. त्या हंगामाच्या वेळापत्रकात वार आणि वेळ बघून नागपूर–दोहा–टोरांटो एका तिकिटावर जमलं तर मुंबईचा तुकडाच गळून पडतो, इमिग्रेशनही सोनेगावलाच होतं.


मिहान_ते_ह्यूस्टन
४ मार्च, दुपारी १.३०

पहिल्या तासात काय करावं, यावर माझा अनुभव.

२३ जून २०२५. मी ह्यूस्टनहून परत येत होतो, दोहामार्गे. संध्याकाळी कतारची हवाई हद्द बंद झाली. इराणने तिथल्या अमेरिकी सैन्याच्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली तीच रात्र. हद्द मध्यरात्रीनंतर उघडली, पण तोवर विमानं कुठल्या कुठे वळवलेली. घड्याळ एकदा विस्कटलं की ते बसायला दिवस लागतात.

तो मोठा पिवळा अस्वलाचा पुतळा आहे ना विमानतळाच्या मधोमध, डोक्यातून दिवा निघालेला, त्याच्याभोवती माणसंच माणसं. लहान मुलं रडत होती. पुढचं विमान बदलून देणाऱ्या खिडकीसमोरची रांग इतकी लांब होती की टोक दिसत नव्हतं. मी रांगेत उभा राहिलो आणि तिथूनच कंपनीच्या भारतातल्या नंबरवर फोन लावला. लागला नाही. मग त्यांच्या दुसऱ्या एका देशातल्या कार्यालयाचा नंबर लावला, जिथे तेव्हा दिवस होता. पंधरा-वीस मिनिटांत माणूस बोलला. तो काउंटरवरच्या माणसाइतकंच सगळं बदलू शकत होता. माझ्यापुढे शे-दीडशे माणसं असतानाच माझं नवं तिकीट ईमेलवर आलं.

आणि आपल्या गावाचा एक फायदा तेव्हा कळला. फोनवरचा म्हणाला, नागपूरला चार दिवस जागा नाही. मी म्हटलं, मला नागपूरच पाहिजे असं नाही. मुंबई द्या, दिल्ली द्या, हैदराबाद द्या, काहीही चालेल. आपण देशाच्या मध्यावर आहोत, दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा दोन्ही रेल्वेमार्ग आपल्याकडे येऊन मिळतात. कुठेही उतरलो तरी एका रात्रीत घर. हैदराबादची जागा दुसऱ्या दिवशीची मिळाली. सिकंदराबादहून दुपारची वंदे भारत पकडली आणि रात्री साडेआठच्या सुमारास नागपूर स्टेशनला आईच्या हातात होतो. नागपूरचंच धरून बसलो असतो तर चार दिवस तिथेच.

तिथल्या दोन गोष्टी मनात राहिल्या. चार्जिंगच्या एका सॉकेटसाठी शिकलेली माणसं भांडत होती, म्हणून आता पॉवर बँक हातातल्या बॅगेत असतेच. मोठ्या बॅगेत ती टाकू देत नाहीत, आणि हल्ली बऱ्याच कंपन्या विमानात तिच्यावर फोन लावू देत नाहीत, म्हणून बसण्याआधीच फोन भरून घेतो. दुसरं म्हणजे खिडकीमागची मुलगी. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. तिच्यावर लोक इतके ओरडले की तिचे हात कापत होते. हद्द तिने बंद केली नव्हती. माझ्यापुढचे एक मलयाळी काका तिला म्हणाले, आधी पाणी पी. त्यांचं काम तिने सगळ्यांत निवांतपणे केलं.


म्यूनिकची_माहेरवाशीण
४ मार्च, संध्याकाळी ६.४८

मी मूळची महालची, आता नऊ वर्षं जर्मनीत. युरोपचा नियम बऱ्याच भारतीयांना माहीतच नसतो, म्हणून लिहिते.

युरोपियन संघातल्या कुठल्याही विमानतळावरून निघणाऱ्या विमानाला, मग कंपनी कुठल्याही देशाची असो, नियम २६१/२००४ लागू होतो. भारतातून युरोपात येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपियन असेल तरच. शेवटच्या मुक्कामाला तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात, किंवा ऐनवेळी विमान रद्द झालं, तर ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरो. १,५०० पर्यंत २५०, मधल्या टप्प्याला ४००. वादळ, हवाई हद्द बंद असं असेल तर हे पैसे मिळत नाहीत, पण जेवण आणि हॉटेल तरीही द्यावंच लागतं. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश सहा दिवस बंद होतं, तेव्हासुद्धा ही जबाबदारी सुटली नव्हती.

बाबा माझ्याकडून परत जात होते तेव्हा त्यांचं विमान 'तांत्रिक बिघाड' म्हणून अकरा तास लांबलं आणि मुंबईहून पुढचं चुकलं. म्यूनिक ते नागपूर एकाच बुकिंगवर होतं, म्हणून उशीर नागपूरला पोचण्यापासून मोजला गेला. कंपनीने पहिल्या पत्रात लिहिलं, बिघाड ही असाधारण परिस्थिती आहे. ते खरं नाही. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय की नेहमीचा तांत्रिक बिघाड हा विमान चालवण्याच्या धंद्याचाच भाग आहे. मी तेवढंच शांतपणे परत लिहिलं. चार महिने लागले, तीन पत्रं झाली, आणि ६०० युरो बाबांच्या खात्यात आले. बाबांनी त्यातून आईला चष्मा आणि स्वतःला श्रवणयंत्र घेतलं.

सोनेगावकर काका, तुमच्यासाठी कॅनडाचाही असाच नियम आहे. कॅनडाला जाणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या विमानांना लागतो. दोष कंपनीच्या हातातला असेल तर मोठ्या कंपन्यांना तीन ते सहा तासांच्या उशिराला ४००, सहा ते नऊला ७०० आणि नऊच्या पुढे १,००० कॅनेडियन डॉलर द्यावे लागतात. मागणी एका वर्षाच्या आत करायची. बोर्डिंग पास फेकू नका, फलकाचा फोटो काढा, आणि काउंटरवरून उशिराचं कारण लिहिलेला कागद मागून घ्या. विम्याच्या दाव्यालाही तोच लागतो.


सोनेगावकर
४ मार्च, रात्री ८.१५

आमच्याकडे कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी, म्हणजे आईवडिलांना लेकरांकडे लांब मुदतीने राहता येतं त्या व्हिसासाठी, घेतलेला विमा होता. त्याच्याकडे मागितलं तर नाही म्हणाले.


धरमपेठेतला_तिकिटवाला
४ मार्च, रात्री ८.४०

काका, तो आजारपणाचा विमा. सुपर व्हिसाला वैद्यकीय संरक्षण लागतं, विमानाचा उशीर त्यात येत नाही. त्यासाठी प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यातही 'जोडविमान चुकणं' हे कलम आहे का, किती तासांच्या उशिरानंतर लागू होतं, वेगळ्या तिकिटांना चालतं का, एवढं तिथल्या तिथे वाचून घ्या. आणि सामान पोचलं नाही तर विमानतळातून बाहेर पडण्याआधीच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. माँट्रियल कराराप्रमाणे, म्हणजे विमान प्रवासाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, सामान खराब झालं तर सात दिवसांत आणि उशिरा आलं तर ते मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी कळवावं लागतं.


धंतोलीची_डॉक्टर
४ मार्च, रात्री १०.३०

सोनेगावकर काका, काकूंनी आणि एकूणच वडीलधाऱ्या मंडळींनी लांबचा थांबा कसा काढावा याबद्दल लिहिते. माझ्याकडे दर आठवड्याला लेकी-सुनांकडे निघालेले कुणी ना कुणी आईबाबा येतात.

खुर्चीत तासन् तास पाय लोंबते ठेवले की पायांवर सूज येतेच. दर तासाला उठून पाच मिनिटं चालायचं, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे, पाय बॅगेवर ठेवायचे, पाणी पीत राहायचं. बाथरूमला जावं लागतं म्हणून आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. कृपा करून असं करू नका. दोन्ही पाय सारखे सुजले तर सहसा काळजीचं नसतं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा दम लागला, तर तिथल्या तिथे डॉक्टर मागा. तो रक्ताच्या गुठळीचा इशारा असू शकतो.

बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच हव्यात, आणि ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीच नाही, खाली ते गोठू शकतं. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, परदेशात आपली ब्रँडची नावं कुणाला कळत नाहीत. वेळा बदलतात तेव्हा इन्सुलिन कसं घ्यायचं हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, किमान ४८ तास आधी तरी. गुडघे दुखत असतील तर त्यात कमीपणा काही नाही. थांबा लांब असेल तर मदतनीस तुम्हाला मदत कक्षात बसवून जातात. बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्वतःकडेच ठेवा, आणि ते परत किती वाजता येणार हे विचारून घड्याळात गजर लावा. काकूंना इंग्रजी बोलायची सवय नसेल तर एका कागदावर ठळक लिहून गळ्यातल्या पाकिटात ठेवा: नाव, पुढचं विमान, मधुमेह आहे का, कुणाला फोन करायचा.

आणि काका, तुमच्या लाडवांच्या डब्यावर माझी नजर अडकली. डिंकाच्या लाडवांत आपण खसखस घालतो. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे खसखस बाळगणं गुन्हा आहे, तिकडे ती अमली पदार्थांत मोडते. तुम्ही आतल्या आत विमान बदलता तेव्हाही हा धोका असतोच. त्यात विमान रद्द झालं की हॉटेलला नेतात, आणि मग तुम्ही त्या देशात शिरता, सामानासकट, कस्टममधून. सावजी मसाल्यात खसखस, अनारशांवर खसखस, काही गोडा मसाल्यांतही. आखातातून जाताना यातलं काहीही नेऊ नका.


तर्री_पोहे
४ मार्च, रात्री ११.१०

डॉक्टरताई, मी तर दरवर्षी दुबईमार्गे सावजी मसाला घेऊन जातो, बहिणीला नेऊन देतो. आजवर काही झालं नाही.


धंतोलीची_डॉक्टर
४ मार्च, रात्री ११.२२

भाऊ, आजवर कुणी पकडलं नाही आणि तुमचं विमान तिथे रद्द झालं नाही, एवढंच. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत एका दिवसात विक्रमी पाऊस झाला, धावपट्ट्यांवर पाणी आलं आणि हजारो माणसं तिथे अडकली. तसं कुठल्या दिवशी होईल सांगता येत नाही. बहिणीसाठी खसखस न घातलेला मसाला कुटून घ्या, कांडपवाला देतो करून. चवीत उन्नीस-बीस होईल, पण तुमची काळजी राहणार नाही.


सोनेगावकर
५ मार्च, सकाळी ६.३०

रात्रभर झोप लागली नाही. लाडवांत खसखस होतीच. सौ.ने भाजून, भरपूर घातली होती. एकोणीस तास आम्ही तो डबा घेऊन बसलो होतो, आणि एकदा तिथल्या मुलाला मीच विचारलं होतं, बाहेर हॉटेल मिळेल का म्हणून. डॉक्टरताई, तुमचे उपकार.


प्रतापनगरची
५ मार्च, सकाळी ११.४५

थोडं बाहेर पडण्याबद्दल, कारण थांबा लांब असला की सगळ्यांना वाटतं जरा शहर बघून येऊ.

भारतीय पासपोर्टवर आधी हे बघा की नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो का. अमेरिकेत 'आतल्या आत' असा प्रकारच नाही, फक्त विमान बदलायलाही व्हिसा हवा, आणि पहिल्याच विमानतळावर सामान उतरवून पुन्हा द्यावं लागतं. लंडनमार्गे जायचं तर विमानतळावरचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. कॅनडा, अमेरिका वगैरेंचा वैध व्हिसा असेल तर सूट मिळते, पण अटी तिकीट काढण्याच्या दिवशी वाचा. शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालतो त्या युरोपीय देशांत, दोन ठिकाणी विमान बदलणार असाल तर पहिल्या ठिकाणी तुम्ही आत शिरलात असंच धरतात. माझ्या मैत्रिणीला याच कारणाने मुंबईच्या काउंटरवरून परत पाठवलं होतं.

सिंगापूरला थांबा साडेपाच ते चोवीस तासांचा असेल तर तिथल्या चांगी विमानतळावरून अडीच तासांची मोफत शहर सहल असते. आत शिरायच्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. मी आईला घेऊन गेले नाही, आम्ही टर्मिनल ३ च्या फुलपाखरांच्या बागेत बसलो. आईच्या पदरावर एक फुलपाखरू येऊन बसलं आणि ती दहा मिनिटं हललीच नाही. घरून नेलेल्या तिखट पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं तिथेच खाल्लं. साठीच्या पुढच्या माणसांना माझं सांगणं हेच, शहर राहू द्या. लाउंज किंवा विमानतळातलंच हॉटेल सहा तासांसाठी घ्या, आडवं व्हा. त्या पैशाकडे बघू नका.


सोनेगावकर
९ मार्च, संध्याकाळी ७.०५

मंडळी, तक्रार टाकली. कंपनीने सात दिवसांची मुदत मागितली आहे, उत्तर आलं की इथेच कळवतो.

तिकिटं काल धरमपेठेत जाऊन काढली. सोनेगाव ते टोरांटो एकच पीएनआर, मधला थांबा साडेचार तास, सौ.साठी व्हीलचेअर, मोबाइल माझा. माणशी चौदा हजार जास्त गेले. निघणं ९ जूनला.

नातवाचं उष्टावण १९ जूनला आहे, सहा महिने त्याच दिवशी पूर्ण होतात. दहा दिवस आधी पोचतोय, म्हणजे अगदी तीन दिवस कुठे अडकलो तरी चुकणार नाही. या वेळी लाडू नाहीत. इतवारीत सराफाकडे चांदीची वाटी टाकली आहे, नाव कोरायला. वाटी आणि गोळ्या सौ.च्या हातातल्या पिशवीत राहतील.

तिकिटवाले भाऊ, एक राहिलं. परतीच्या वेळी नागपूरला सामान मिळेल की मधेच कुठे उतरवून घ्यावं लागेल?


धरमपेठेतला_तिकिटवाला
९ मार्च, रात्री ८.२०

तुमचं परतीचं विमान थेट नागपूरलाच उतरतं, काका. भारतात पहिल्यांदा जिथे उतरतो तिथेच सहसा कस्टम, म्हणजे सामान सोनेगावलाच मिळेल. मुंबईमार्गे असतं तर तिथे उतरवून पुन्हा द्यावं लागलं असतं. निघायच्या आदल्या दिवशी मला फोन करा, वेळ बदलली नाही ना ते मी बघून सांगतो.